आतड्याच्या बायोप्सीचा अहवाल: ‘अविशिष्ट दाह’ म्हणजे नेमके काय?

पानगळ (धागाकर्ती)

माझ्या थोरल्या बहिणीला तीन महिने जुलाबांचा त्रास होता, म्हणून मागच्या पंधरवड्यात तिची कोलोनोस्कोपी झाली. आतडे आतून जवळजवळ स्वच्छ दिसले. व्रण नव्हता, रक्तस्राव नव्हता, तरीही डॉक्टरांनी काही तुकडे काढून बायोप्सीसाठी पाठवले. अहवालाच्या शेवटच्या ओळीत ‘सौम्य, जुनाट, अविशिष्ट दाह’ एवढेच लिहिलेले होते. तिने रात्री मला फोन करून विचारले, ‘‘अविशिष्ट म्हणजे यांना काही सापडलेच नाही, की सापडलेले सांगायचे टाळले आहे?’’ तिच्या आवाजातली भीती अजून माझ्या कानांत आहे आणि तिच्या त्या प्रश्नासाठीच मी हा धागा काढत आहे.

मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. निदान करणे हे पॅथॉलॉजिस्टचे काम आहे. ज्या स्लाइडवरून ते निदान करतात ती मी तयार करते. त्यामुळे तुकडा बाटलीतून काचेवर कसा येतो, हे मला खात्रीने सांगता येईल. त्यापुढच्या गोष्टी मी जाणकारांकडून शिकले आहे आणि त्यात चूक आढळल्यास ती अवश्य दुरुस्त करावी.

चिमट्याने काढलेला तुकडा साधारण २ ते ५ मिलिमीटरांचा असतो. आतड्याच्या भिंतीला चार थर असतात: सर्वांत आत श्लेष्मल आवरण, त्याखाली सैल ऊतींचा थर, मग स्नायू आणि सर्वांत बाहेर पातळ वेष्टन. चिमट्यात पहिला थर येतो आणि फार तर दुसऱ्याचा थोडा भाग. म्हणून भिंतीत खोलवर गेलेला आजार बायोप्सीत दिसेलच असे नाही, ही मर्यादा सर्वांत आधी ध्यानात घ्यावी.

काढलेला तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडतो. पेशी मेल्यावर कुजू लागतात, ते कुजणे फॉर्मॅलिन थांबवते. आमच्याकडे बाटली आली की प्रथम तुकडे मोजायचे, नावाची आणि क्रमांकाची खात्री करायची आणि जाळीच्या छोट्या डबीत तुकडे बंद करायचे. मग वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने त्यांतले पाणी काढून घेतले जाते, झायलीनने अल्कोहोल काढले जाते आणि शेवटी वितळलेले पॅराफिन मेण आत शिरते. मेणाच्या ठोकळ्यात तुकडा बसवताना तो उभा बसला पाहिजे, म्हणजे पात्याखाली पृष्ठभागापासून तळापर्यंतचा सरळ छेद मिळतो. तुकडा तिरका बसला तर लहान आतड्यातले निरोगी उंचवटेही आखूड आणि बोथट दिसतात. या एका कृतीकडे मी आजही श्वास रोखून पाहते, कारण तिथे झालेली चूक पुढे अहवालात आजार बनून उतरू शकते.

मायक्रोटोम या काप काढण्याच्या यंत्रावर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप निघतात. एका मिलिमीटरात १००० मायक्रॉन असतात, त्यावरून ही जाडी ध्यानात येईल. सलग काप एकमेकांना चिकटून फितीसारखे निघतात, ती फीत कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात आणि काच खालून अलगद वर आणून फीत उचलायची. नंतर हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग चढतात. हिमॅटॉक्सिलिन मुळात एका झाडाच्या गाभ्यातून मिळते. त्याने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो. दाहाबद्दल जे काही लिहिले जाते, त्यातले बहुतेक या दोन रंगांच्या भरवशावर लिहिले जाते.

आता दाहाकडे वळते. आतड्याच्या पोकळीत असंख्य जिवाणू असतात आणि त्यांच्या व आपल्या मधे पेशींचा एकच पदर असतो. म्हणून त्या पदराखाली लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी या रोगप्रतिकारक पेशींचा पहारा निरोगी माणसातही कायम असतो, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात तर अंमळ जास्तच. त्वचेत इतक्या पेशी दिसल्या तर तो दाह ठरेल. आतड्यात तो नेहमीचा बंदोबस्त आहे. तेव्हा ‘सौम्य जुनाट दाह’ या शब्दांमागे कधी कधी निव्वळ निरोगी आतडे असते, ही पहिली शक्यता मी बहिणीला सांगितली.

‘सक्रिय’ हा शब्द मात्र वेगळा आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी श्लेष्मल आवरणातल्या नळीसारख्या ग्रंथींच्या भिंतीत शिरलेल्या दिसल्या, तर दाह या घडीला चालू आहे असे समजतात. या ग्रंथींना क्रिप्ट म्हणतात. न्यूट्रोफिल क्रिप्टच्या पोकळीत साचले की त्याला क्रिप्टमधला गळू म्हणतात. ‘जुनाट’ या शब्दाला खरा आधार मिळतो तो क्रिप्टच्या बदललेल्या ठेवणीतून. एरवी त्या परीक्षानळ्यांसारख्या एका ओळीत सरळ उभ्या असतात. वारंवार मोडतोड होऊन पुन्हा भरल्या की त्या वाकड्या होतात, त्यांना फाटे फुटतात, त्या आखूड पडतात आणि त्यांच्या तळाशी प्लाझ्मा पेशींची दाटी होते. ठेवणीतला हा बदल व्हायला काही आठवडे जावे लागतात, त्यामुळे चार दिवसांच्या जंतुसंसर्गात तो सहसा दिसत नाही.

राहिला ‘अविशिष्ट’. त्याचा अर्थ एवढाच, की दिसलेल्या खुणा एकाच आजाराकडे बोट दाखवत नाहीत. बहिणीला हे पटले, पण तिचे जुलाब थांबलेले नाहीत आणि माझेही समाधान झालेले नाही. जाणकारांनी लिहावे.

किनारा

लेख आवडला. दोन शंका आहेत. माझ्या वडिलांची हीच तपासणी ठरली आहे आणि तुकडा तोडताना वेदना होतील या धास्तीने ते नकार देत आहेत. शिवाय, जे आतडे डोळ्यांना स्वच्छ दिसते त्याचे तुकडे काढण्याचे कारण काय? संशयित जागेचाच घेतला तर पुरणार नाही का?

पानगळ

वडिलांना जरूर सांगा की तुकडा काढल्याचे कळतही नाही. आतड्याच्या आतल्या आवरणाला कापल्याची वेदना जाणवत नाही. जाणवतो तो ताण, म्हणजे हवा भरल्यावर पोट फुगल्यासारखे होते तो. नंतर किंचित रक्त दिसू शकते आणि ते बहुधा आपोआप थांबते. भोक पडणे किंवा मोठा रक्तस्राव होणे हे क्वचित घडते. ते रक्त पातळ करणारे औषध घेत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावे आणि स्वतःच्या मनाने ते बंद करू नये. दुसऱ्या शंकेचे उत्तर ‘सूक्ष्मदर्शी’ यांनी द्यावे. ते या विषयातले पॅथॉलॉजिस्ट आहेत.

सूक्ष्मदर्शी

धागाकर्तीने तुकडा उभा बसवण्याबद्दल जे लिहिले आहे, ते प्रत्येक शिकाऊ डॉक्टराने वाचावे असे मला मनापासून वाटते.

स्वच्छ दिसणाऱ्या जागेचे तुकडे का, याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की दाह कुठे आहे याइतकेच तो कुठे नाही हेही निदानाला लागते. आतड्याच्या जुनाट दाहाच्या दोन मुख्य आजारांपैकी अल्सरेटिव्ह कोलायटिस साधारणपणे गुदाशयापासून सुरू होऊन अखंड वर सरकतो आणि मुख्यत्वे श्लेष्मल आवरणापुरता राहतो. क्रोन्सचा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधेमधे निरोगी पट्टे सोडतो आणि भिंतीच्या सर्व थरांतून आरपार जातो. १९३२ साली क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी त्याचे वर्णन केले तेव्हा तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा आजार मानला गेला होता. त्याचा पसारा पुढे उमगत गेला. चिमट्याला भिंतीची खोली मिळत नाही, म्हणून आम्ही नकाशावरून अंदाज बांधतो: कोणत्या ठिकाणी दाह, कोणत्या ठिकाणी नाही. त्यासाठी पहिल्या तपासणीत लहान आतड्याचा शेवट आणि गुदाशय धरून किमान पाच ठिकाणांहून प्रत्येकी निदान दोन तुकडे घ्यावेत आणि प्रत्येक ठिकाणाची बाटली वेगळी असावी, असा संकेत आहे. सगळे तुकडे एकाच बाटलीत आले की नकाशा पुसला जातो, आणि असे अजूनही फार वेळा होते.

दुसरे उत्तर म्हणजे काही आजार दुर्बिणीला दिसतच नाहीत, ते फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्यांना मायक्रोस्कोपिक कोलायटिस असेच नाव आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात पृष्ठभागाच्या पेशींमधे लिम्फोसाइट घुसतात, दर १०० पेशींमागे २० हून अधिक. दुसऱ्यात पृष्ठभागाखाली कोलॅजनचा, म्हणजे ऊतींना आधार देणाऱ्या तंतूंच्या प्रथिनाचा, पट्टा जाड होतो. निरोगी आतड्यात तो ५ मायक्रॉनच्या आसपास असतो, या आजारात १० च्या पुढे जातो. हा पट्टा सर्वत्र सारखा नसतो आणि एखादा तिरका काप त्याला सहज लपवतो किंवा उगाच जाड दाखवतो.

म्हणून धागाकर्तीला विचारतो: बहिणीचे जुलाब पाण्यासारखे आहेत का, रक्त पडते का, रात्री झोपेतून उठावे लागते का, आणि त्या रोज कोणती औषधे घेतात? या चार गोष्टी तपासणीच्या अर्जावर लिहिलेल्या होत्या का?

पानगळ

जुलाब पाण्यासारखे आहेत, रक्त अजिबात नाही, आणि रात्री दोन-तीनदा उठावे लागते. गुडघेदुखीसाठी ती वर्षभर रोज वेदनाशामक गोळी घेते, शिवाय आम्लपित्ताची गोळी चालू आहे. तुमचा प्रतिसाद वाचून मी अर्जाची प्रत मागवून पाहिली. त्यावर नाव, वय आणि ‘कोलोनोस्कोपी बायोप्सी’ एवढेच होते. सगळे तुकडे एकाच बाटलीत होते. मला याचे वाईट वाटले, कारण असे अर्ज मी स्वतः रोज स्वीकारते आणि कधी परत पाठवलेले नाहीत.

सूक्ष्मदर्शी

इथे निदान करणे योग्य होणार नाही, पण ही माहिती त्यांच्या डॉक्टरांमार्फत पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोहोचवावी आणि त्याच ठोकळ्यातून आणखी खोल काप व कोलॅजनचा विशेष रंग करावा अशी विनंती करावी. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोळ्यांच्या गटांचा मायक्रोस्कोपिक कोलायटिसशी संबंध नोंदलेला आहे. स्लाइड पाहणाऱ्याच्या कौशल्यावर हा संशय नाही. नव्या माहितीनिशी तीच स्लाइड पुन्हा पाहणे ही आमच्याकडे रोजची रीत आहे.

अथांग

थोडा विरोधी मुद्दा मांडतो. शौचाच्या नमुन्यातून कॅलप्रोटेक्टिन मोजता येते, त्यासाठी नळी घालावी लागत नाही आणि दाह आहे की नाही ते समजते. मग प्रत्येकाला बायोप्सीपर्यंत नेण्याची घाई होते असे नाही का? माझे निदान शेवटी ‘इरिटेबल बॉवेल’, म्हणजे दाह नसताना होणारा आतड्याचा त्रास, असे झाले आणि त्याआधी दोनदा कोलोनोस्कोपी झाली, जी टाळता आली असती असे मला आजही वाटते.

सूक्ष्मदर्शी

तुमची तक्रार रास्त आहे. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिलमधले प्रथिन आहे. त्याचे प्रमाण कमी असेल, सहसा दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत, आणि वजन घटणे, रक्त पडणे, पंडुरोग अशी धोक्याची लक्षणे नसतील, तर पुष्कळ तरुण रुग्णांना तपासणीची नळी टाळता येते. परंतु ते वाढलेले असले तरी कारण सांगत नाही. जंतुसंसर्ग, वेदनाशामके, क्रोन्स, कर्करोग या सर्वांत ते वाढते. आणि जिथे न्यूट्रोफिलची गर्दी नसते, तिथे ते फसवते: मायक्रोस्कोपिक कोलायटिसमधे ते बऱ्याचदा जेमतेम वाढलेले किंवा सामान्य असते.

याच ओघात क्षयाबद्दल लिहितो, कारण इथली चूक सर्वांत महागात पडते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स या दोघांनाही लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याची जागा प्रिय आहे, दोन्हींत व्रण होतात, दोन्हींत ग्रॅन्युलोमा म्हणजे विशिष्ट पेशींच्या गाठी दिसू शकतात. क्षयात त्या मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्यांचा मध्यभाग मृत होऊन भुसभुशीत झालेला असतो. क्रोन्समध्ये त्या लहान, सुट्या असतात आणि पुष्कळ बायोप्सींत मिळतही नाहीत. क्षयाला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर आजार पसरू शकतो. म्हणून संशय असेल तेव्हा काही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये वेगळे पाठवावे लागतात, कारण फॉर्मॅलिन जंतू मारते आणि मग त्यांची वाढ करून पाहता येत नाही. ही वाढ व्हायला कित्येक आठवडे लागतात. विशेष रंगाने जंतू थेट दिसले तर प्रश्न मिटतो, पण आतड्याच्या तुकड्यात ते न दिसणे हीच नेहमीची गोष्ट आहे, आणि न दिसल्याने क्षय नाही असे सिद्ध होत नाही.

उंबरठा

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस होऊन ११ वर्षे झाली. सुरुवातीला अहवाल उघडताना हात थरथरत असत. आता मी त्यात तीन गोष्टी शोधते: सक्रियता, क्रिप्टची ठेवण आणि ‘डिस्प्लेसिया’ हा शब्द. मागच्या वेळी ‘जुनाट बदल, सक्रियता नाही’ असे आले. ठेवण बिघडलेली असूनही न्यूट्रोफिल नाहीत, म्हणजे आग विझली आहे आणि तिच्या खुणा उरल्या आहेत, असे डॉक्टरांनी समजावले आणि औषध चालू ठेवायला सांगितले. लक्षणे शमली, दुर्बिणीत आतडे बरे दिसले आणि पेशींतही दाह उरला नाही, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत हे मला तेव्हा प्रथम समजले.

माझा प्रश्न असा, की ८ वर्षांनंतर नियमित तपासणी सुरू करण्याचे कारण काय, आणि ‘डिस्प्लेसियाबद्दल अनिश्चित’ असा शेरा आला तर घाबरावे का?

सूक्ष्मदर्शी

मोठ्या आतड्याचा बराचसा भाग व्यापणारा दाह वर्षानुवर्षे राहिला की कर्करोगाची जोखीम वाढत जाते, म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी पाळत ठेवण्यास सुरुवात होते. पित्तनलिकांचा प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस सोबत असेल तर निदान होताच, दरवर्षी. डिस्प्लेसिया म्हणजे कर्करोगाकडे झुकलेल्या पण आपल्या पदराचा तळ ओलांडून न गेलेल्या पेशी. अडचण अशी, की तीव्र दाहात भरून येणाऱ्या निरोगी पेशींची केंद्रकेही मोठी आणि गडद होतात आणि तशाच दिसू लागतात. ‘अनिश्चित’ हा शेरा बहुधा त्यातून येतो. अशा वेळी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्यावे, दाह आटोक्यात आणावा आणि मग पुन्हा तुकडे घ्यावेत.

किनारा

वडील तयार झाले आहेत, त्याबद्दल आभार. आणखी एक विचारतो. माझ्या भाचीला सीलियाक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतडे बिघडण्याचा आजार, असावा असा संशय आहे आणि घरच्यांनी तिचे गव्हाचे खाणे महिन्यापूर्वीच बंद केले. आता बायोप्सी ठरली आहे. त्याने काही फरक पडेल का?

पानगळ

पडेल, आणि हे आजच डॉक्टरांना सांगावे. सीलियाकमध्ये ग्लूटेन पोटात जात असतानाच लहान आतड्यातले उंचवटे झिजलेले दिसतात. ते बंद केले की आवरण सुधारू लागते आणि तुकड्यात खुणा पुसट होतात. रक्तातली प्रतिपिंडेही हळूहळू उतरतात. पुन्हा किती काळ द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. ही तपासणी तोंडावाटे होते आणि झीज ठिगळाठिगळांनी असते, म्हणून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याच्या, खालच्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या भागातून एक-दोन तुकडे घेतात.

पानगळ

बहिणीचा दुसरा अहवाल काल आला. डॉक्टरांनी पूर्ण माहिती लिहून दिली, खोल काप घेतले गेले आणि कोलॅजन निळे दाखवणारा रंग केला गेला. काही तुकड्यांत पृष्ठभागाखाली १० मायक्रॉनहून जाड पट्टा सापडला, काहींत नाही. कोणता तुकडा कुठला, हे एका बाटलीमुळे आता सांगता येत नाही. निदान कोलॅजनस कोलायटिस असे आहे. पॅथॉलॉजिस्टनी मला स्लाइड दाखवली. एरवी तांबड्या रक्तपेशीहूनही, म्हणजे सुमारे ७ मायक्रॉनहूनही बारीक असलेली ती रेघ तिथे रुंद निळ्या पट्ट्यासारखी पसरली होती आणि तिच्यात केशवाहिन्या अडकल्यासारख्या दिसत होत्या. मी अशा शेकडो स्लाइड रंगवल्या असतील. त्यातल्या एकीखाली माझ्या बहिणीच्या तीन महिन्यांच्या जाग्या रात्री होत्या.

डॉक्टरांनी वेदनाशामक बंद करून गुडघ्यासाठी दुसरा उपाय सुचवला आहे आणि ब्युडेसोनाइड हे दाह शमवणारे औषध सुरू केले आहे. औषध थांबवल्यावर त्रास उलटू शकतो, हेही त्यांनी आधीच सांगितले. पहिला अहवाल चुकीचा होता का, असे तिने मला विचारले. दिलेल्या माहितीवर तो खोटा नव्हता, अपुरा होता, असे मी उत्तर दिले. सोमवारपासून कोऱ्या अर्जावर मी फोन करून विचारणार आहे, आणि आमच्या प्रमुखांनी त्याला संमती दिली आहे.

सूक्ष्मदर्शी

हे वाचून समाधान वाटले. इतरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट लिहून ठेवतो. मेणाचे ठोकळे आणि स्लाइड प्रयोगशाळा बरीच वर्षे जपून ठेवतात. दुसरे मत घ्यायचे असेल तर नवी कोलोनोस्कोपी करण्याआधी अर्ज देऊन ते मागावेत. सोबत पहिला अहवाल, कोलोनोस्कोपीची छायाचित्रे आणि चालू औषधांची यादी द्यावी. ठोकळा उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नये, मेण वितळते.